चाव्या हिसकावून काय साधणार?

२०१५ सालच्या आरंभी न्यूझीलंडमध्ये एक विलक्षण लोण पसरले. रस्त्यावर वेडीवाकडी चाललेली मोटार दिसली आणि आत परदेशी प्रवासी असल्याचे आढळले, की स्थानिक नागरिक ती अडवीत आणि चालकाकडून चावी हिसकावून घेत. अखेर पोलिसांनाच लोकांना बजावावे लागले, की हे उद्योग थांबवा. या संतापामागे दुःख नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रवासी मोटारीने चुकीच्या बाजूने येऊन एखादे कुटुंब उद्ध्वस्त करावे आणि काही आठवड्यांत तिच्या चालकाने विमानात बसून मायदेशी निघून जावे, हे पाहणाऱ्याचे रक्त तापणारच. परंतु ज्या संतापाला चालकाचा चेहरा तेवढा दिसतो आणि त्याच्या हाती चावी देणारा हात दिसत नाही, तो संताप अर्ध्या वाटेवरच थांबलेला असतो.

त्या देशातील बहुसंख्य अपघात देशातल्याच चालकांकडून होतात. परदेशी चालकांचे प्रमाण राष्ट्रीय पातळीवर अल्प आहे. दक्षिण बेटावरील क्वीन्सटाउन, वेस्टलंड अशा जिल्ह्यांत मात्र ते कितीतरी अधिक भरते, कारण तेथील रस्त्यांवर प्रवाशांचीच वर्दळ. युरोपातून चोवीस तासांहून अधिक प्रवास करून आलेला मनुष्य विमानतळावरच मोटार ताब्यात घेतो. आयुष्यभर उजव्या बाजूने चालविण्याची सवय अंगी मुरलेली, आणि येथे डावी बाजू. रस्ते दुपदरी, मध्ये दुभाजक नाही, अनेक पूल तर एका वेळी एकच मोटार जाईल एवढे अरुंद. क्वीन्सटाउनहून मिलफर्ड साउंड सुमारे २९० किलोमीटर आहे. हे अंतर जाऊन-येऊन एकाच दिवसात उरकता येते, असा समज करून घेणाऱ्यांची संख्या थोडी नाही. शासनाने यातील कोणत्याही टप्प्यावर त्याची परीक्षा घेतलेली नसते. मायदेशचा परवाना आणि तो इंग्रजीत नसल्यास त्याचे भाषांतर, एवढ्यावर भागते.

ही ढिलाई अजाणतेपणी राहिलेली नाही. महासाथीपूर्वीच्या काळात पर्यटनाने परकीय चलन मिळविण्यात दुग्धव्यवसायालाही मागे टाकले होते. परीक्षेची अट घातली तर प्रवासी दुसरीकडे वळेल, ही धास्ती सरकारलाही होती आणि भाड्याने मोटारी देणाऱ्या कंपन्यांनाही. नफा कंपन्यांच्या खात्यात, आणि रस्ता, रुग्णवाहिका, रुग्णालय यांचा भार सार्वजनिक तिजोरीवर, अशी ही वाटणी आहे. २०१४ साली सरकारने ओटागो, साउथलंड व वेस्ट कोस्ट या भागांसाठी खास मोहीम हाती घेतली, रस्त्यांवर बाण रंगविले, मध्यरेषेवर खडखडणारे पट्टे बसविले. हे काम चांगलेच झाले. पण तेही सार्वजनिक पैशातून झाले, हे विसरता येत नाही.

शिक्षेचा प्रश्न उरतो. बेपर्वाईने मोटार चालवून कोणाचा जीव घेतल्यास तेथील कायद्यानुसार कमाल तीन महिने कैद किंवा ४,५०० डॉलर दंड होतो. परदेशी चालकाचा पासपोर्ट ताब्यात घेतला जातो, तो बहुधा गुन्हा कबूल करतो, भरपाई देतो आणि जातो. त्याच्यावर घातलेली वाहनबंदी त्याच्या मायदेशात कागदावरच राहते. परंतु याच कलमाखाली स्थानिक चालकालाही हीच कमाल शिक्षा आहे. परदेशी म्हणून अधिक कठोर शिक्षा मागणे हे न्यायाच्या नावाखाली वंशद्वेषाला दार उघडणे होय.

चाव्या हिसकावणाऱ्यांना आपल्याच देशाच्या एका थोर कामगिरीचा विसर पडला होता. न्यायमूर्ती वुडहाऊस यांच्या आयोगाने १९६७ साली सुचविलेली, १९७२ साली कायद्यात आलेली, मजूर पक्षाच्या सरकारने बिगर-कमावत्यांपर्यंत विस्तारलेली आणि १ एप्रिल १९७४ पासून अमलात आलेली दोषनिरपेक्ष भरपाईची योजना ती हीच. अपघातात चूक कोणाची, हे न विचारता जखमीला उपचार व कमावत्याला उत्पन्नाची भरपाई मिळते. त्याच्या बदल्यात नुकसानभरपाईच्या दाव्याचा हक्क समाजाने सोडला. त्यामुळे तेथील विधवेला म्युनिक किंवा शांघायच्या न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत. जखमी प्रवाशालाही त्या देशात उपचार मिळतात. उणीव एवढीच, की मोटारीच्या नुकसानीला ही योजना लागू नाही आणि तृतीय पक्षाचा विमाही तेथे सक्तीचा नाही.

भारताने या दिशेने पाऊल टाकले ते १९८२ साली, तेही मोठ्या संकोचाने: मृत्यूबद्दल १५,००० रुपये आणि कायम अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख ही दोषनिरपेक्ष रक्कम लागू आहे. पण ती देणार विमा कंपनी किंवा वाहनाचा मालक, आणि गोव्याच्या किनारपट्टीवर घोडे नेमके येथेच अडते. भाड्याच्या दुचाकीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे हवीत. पण पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्याही तेथे सर्रास भाड्याने दिल्या जातात. अपघात झाला की विमा कंपनी अटभंगाचा मुद्दा काढते, मालक हात झटकतो, आणि परदेशी चालकाच्या व्हिसाची मुदत संपते. रस्त्याच्या कडेने घरी परतताना जायबंदी झालेला मजूर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तारखा मोजीत बसतो. चालकाच्या परवान्यात दोष असला तरी विमा कंपनीने आधी पैसे द्यावेत व मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच मान्य केले. खासगी गाडी भाड्याने दिल्याच्या प्रकरणांतही हाच नियम कायद्याने स्पष्ट करावा, आणि पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणाऱ्याची नोंदणी पहिल्याच गुन्ह्याला निलंबित व्हावी. गोव्यातील कार्यकर्त्यांनी या दोन मागण्या घेऊन वाहतूक खात्याच्या दारात बसले पाहिजे.