तीन पणांचा दंड

कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे नाव आमच्या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या प्रकरणात एकदा येते आणि पुढे पुन्हा येत नाही. कोश, करपद्धती, सप्तांग राज्य एवढे चार शब्द विद्यार्थी पाठ करतात आणि ग्रंथ कपाटात परत जातो. त्यामुळे त्याच्या तिसऱ्या अधिकरणात वाक्पारुष्याचे, म्हणजे शब्दांनी केलेल्या इजेचे, एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात अपंगांच्या चेष्टेबद्दल दंडाचे दर ठरवून दिलेले आहेत, हे अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनाही सहसा ठाऊक नसते. एका डोळ्याने अधू असलेल्याला काणा किंवा पायाने अधू असलेल्याला लंगडा म्हटले आणि ते खरे असले, तर तीन पण दंड. खोटे असले तर सहा पण. आणि त्याच्या व्यंगावरच बोट ठेवण्यासाठी त्याच्या सुंदर डोळ्यांची वरकरणी स्तुती केली, तर बारा पण.

ही चढती भाजणी नीट पाहण्यासारखी आहे. ‘आहे तेच बोललो, त्यात खोटे काय?’ हा आपल्याकडे आजही सर्रास दिला जाणारा बचाव कौटिल्याने मुळातच निकालात काढला आहे. वस्तुस्थिती खरी असेल तर दंड निम्मा होतो, माफ होत नाही. आणि सर्वांत मोठा दंड शिवीला नसून गोड शब्दांना आहे. राज्याच्या महसुलाचा हिशेब मांडणाऱ्या माणसाने माणसाच्या स्वभावाचाही हिशेब किती बारकाईने मांडला होता, याचे नवल वाटते.

यातून प्राचीन भारताचा जयजयकार करण्याचा माझा हेतू नाही. मनुस्मृतीतही असाच नियम आहे. खरे असले तरी काणा वा लंगडा म्हणणाऱ्याला किमान एक कार्षापण दंड तिथे सांगितला आहे. परंतु त्याच मनुस्मृतीने जन्मांध, बहिरे, मुके आणि अवयवाने हीन अशा साऱ्यांना वडिलार्जित संपत्तीतील वाटा नाकारला आणि त्यांची बोळवण अन्नवस्त्रावर केली. हा निर्बंध मिताक्षरा पद्धतीच्या कुटुंबांत जवळजवळ आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापर्यंत टिकून होता. १९२८ च्या कायद्याने तो बहुतांशी उठला, तरी जन्मतः मनोविकल असलेल्यांना वाटा मिळाला नाहीच. तो मिळण्यासाठी १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा यावा लागला. म्हणजे ज्याला काणा म्हणायचे नाही, त्याला जमिनीचा तुकडाही द्यायचा नाही, अशी ही व्यवस्था होती. जिभेला लगाम आणि तिजोरीला कुलूप.

आज स्थिती नेमकी उलट झाली आहे. कायद्याने वाटा दिला आहे. १९९५ च्या कायद्याने सात प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता देऊन सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखल्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने प्रकारांची संख्या एकवीसवर नेली, नोकऱ्यांतील राखीव जागा चार टक्के केल्या आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा ठेवणे बंधनकारक केले. कुलूप निघाले, लगाम मात्र सुटला. ज्या कार्यालयाच्या भिंतीवर या अधिनियमाचे परिपत्रक टाचलेले असते, त्याच कार्यालयात पोलिओने पाय गेलेल्या अधीक्षकाला पाठीमागे, आणि पुष्कळदा तोंडावरही, काय म्हणतात हे वाचकांपैकी अनेकांना सांगावे लागणार नाही. माझ्या परिचयाच्या एका महाविद्यालयात अशा एका गृहस्थांना ‘तैमूर’ म्हणत. हे नाव शिपायांनी ठेवलेले नव्हते. इतिहास जाणणाऱ्या, पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या मंडळींनी ते प्राध्यापक-कक्षात ठेवले होते. ते गृहस्थ स्वतःही हसत. निवृत्तीच्या दिवशीच्या भाषणांतही तो उल्लेख झाला, आणि तेव्हाही ते हसले. एकतीस वर्षे रोज एकदा हसायचे, हा त्यांच्या नोकरीच्या अटींतील एक भाग होता. त्याचा भत्ता मात्र त्यांना कुणी दिला नाही.

इथे कुणी म्हणेल की, आपल्या भाषेतच हे सारे मुरलेले आहे, मग कुणाकुणाला दोष देणार? वासरांत लंगडी गाय शहाणी असते, आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, सबबही पटली नाही की ती लंगडी ठरते. मला स्वतःला म्हणींवर बंदी घालण्याची मोहीम हास्यास्पद वाटते. म्हण कुणा एका माणसाकडे पाहून उच्चारली जात नाही. ती जेव्हा समोरच्या एका माणसाकडे पाहून, चार जणांना ऐकू जाईल अशा बेताने उच्चारली जाते, तेव्हा ती म्हण राहत नाही. फरक शब्दांत नाही, नजरेत आहे. आणि तो फरक बोलणाऱ्याला व ऐकणाऱ्याला, दोघांनाही पक्का कळतो.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला आवडत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या द्वितीय वर्षाच्या वर्गात एक विद्यार्थी होता. तो बोलताना अडखळे. काही अक्षरांपाशी त्याचा शब्द पुरता अडून बसे. मागणीची लवचिकता शिकवताना त्याने पहिल्या आठवड्यात एक प्रश्न विचारला. प्रश्न चांगला होता: मिठाची मागणी अलवचिक असते हे खरे, पण ज्या घराचा सारा खर्चच मिठामिरचीवर होतो त्या घराचे काय? हा प्रश्न पूर्ण व्हायला मिनिटभर लागले असेल. मागच्या बाकावरून कुणीतरी ‘म-म-म-मीठ’ असा आवाज काढला आणि वर्ग हसला. मीही किंचित हसलो. रागावलो नाही, थांबवले नाही. वेळ पुढे निघून जावा म्हणून हसलो. त्या मुलाने वर्षभरात माझ्या तासाला पुन्हा प्रश्न विचारला नाही. सत्राअखेरीस दहा गुणांची तोंडी परीक्षा होती. तो समोर बसला, दोनदा प्रयत्न केला आणि गप्प राहिला. मी त्याला चार गुण दिले. लेखी परीक्षेत त्याची उत्तरपत्रिका वर्गात सर्वांत सरस होती, हे मला नंतर कळले. ते चार गुण मी कशाचे दिले, याचे उत्तर माझ्याकडे आजही नाही. तो मुलगा आता एका तालुक्याच्या गावी नातेवाइकाच्या आडतीवर हिशेब लिहितो. स्पर्धा परीक्षेला बसला नाही, कारण तिच्या शेवटी मुलाखत असते. आपले बोलणे अधिनियमातील एकवीस प्रकारांपैकी कशात बसते का, हे तो कधी विचारायलाही गेला नाही, कारण विचारायचे म्हणजे पुन्हा खिडकीसमोर उभे राहून बोलायचे.

अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून मला यात एक गोष्ट दिसते, आणि ती आमच्या आकडेवारीत दिसत नाही. अमर्त्य सेन यांनी ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ या २००९ सालच्या ग्रंथात अपंगत्वाच्या दोन आर्थिक बाजू वेगळ्या काढून दाखवल्या आहेत. एक, कमाईची अडचण: काम मिळणे कठीण आणि मिळाले तरी मोबदला कमी. दुसरी, रूपांतराची अडचण: हाती आलेल्या तेवढ्याच पैशांतून तेवढेच आयुष्य विकत घेता येत नाही, कारण काठी, खुर्ची, रिक्षा, मदतनीस, औषधे यांवर आधी खर्च होतो. ब्रिटनविषयीच्या एका अभ्यासाचे आकडे त्यांनी उद्धृत केले आहेत. एकंदर लोकसंख्येत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांत राहणाऱ्यांचे प्रमाण १७.९ टक्के, अपंग सदस्य असलेल्या कुटुंबांत ते २३.१ टक्के; आणि रूपांतराची ही अडचण हिशेबात धरली की तेच ४७.४ टक्क्यांवर जाते. एका संपन्न देशाची ही कथा. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेने २ कोटी ६८ लाख अपंग मोजले, त्यांत महाराष्ट्रातले २९ लाखांहून अधिक. आपल्या बसगाड्यांच्या पायऱ्या, सरकारी कचेऱ्यांचे जिने आणि पदपथांची दशा पाहता आपल्या रूपांतराचा आकडा काय निघेल, याची कल्पनाच करावी.

या दोन अडचणींच्या अलीकडे मला एक तिसरी दिसते. बाजारात, वर्गात, मुलाखतीत, खिडकीपाशी नुसते हजर होण्याचीच काही माणसांना किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत म्हणजे इतरांचे हसू. ती प्रवेशद्वारावरच वसूल होते. ज्याला ती परवडत नाही तो परत फिरतो. मग तो ना बेकारांत मोजला जातो, ना नाकारल्या गेलेल्या उमेदवारांत, कारण त्याने अर्जच केलेला नसतो. पुढे राखीव जागेसमोर ‘योग्य उमेदवार उपलब्ध नाही’ असा शेरा पडतो, जागा पुढच्या वर्षी ओढली जाते, आणि आपण म्हणतो, कायदा आहे, पण लोकच येत नाहीत.

सरकारला यावर सुचलेला उपाय शब्दांचा होता. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ म्हणावे असे सुचवले, आणि पाहता पाहता पाट्या बदलल्या. सूचनेमागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु अपंगांच्या अनेक संघटनांनी त्याच वेळी सांगितले होते की, आमच्यात दिव्य असे काही नाही. आम्हाला उतरता जिना आणि चालू उद्वाहक हवा आहे. ज्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर ‘दिव्यांग कक्ष’ असतो आणि उद्वाहक बंद असतो, त्या कचेरीपुरता कौटिल्याचा बारा पणांचा नियम लागू करायला माझी हरकत नाही.

चेष्टेचा आणखी एक प्रकार अलीकडे बोकाळला आहे, तो संशयाचा. २०२४ साली पुण्यात परिवीक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्व-प्रमाणपत्राविषयी वाद उठला. चौकशी व्हायलाच हवी होती. पण त्याची झळ कुणाला लागली? ज्यांचे अपंगत्व वरून दिसत नाही त्यांना. कमी दिसणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या माणसाला त्यानंतर कार्यालयात ‘खरे आहे ना हो तुमचे?’ असे हसत विचारले जाऊ लागले. समोर बोटे धरून ‘किती?’ असे विचारणारे सहकारी मी पाहिले आहेत. श्रीमंतांच्या मुलांनी खोटे उत्पन्नाचे दाखले काढल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, म्हणून आपण प्रत्येक गरिबाचा खिसा तपासत नाही.

विनोदाचे स्वातंत्र्य हा यावरचा नेहमीचा आक्षेप. तो टाळण्याजोगा नाही, विशेषतः ज्या भाषेने विनोदाला एवढे मानाचे पान दिले त्या भाषेत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये एका हिंदी चित्रपटासंबंधीच्या निकालात याची फोड केली आहे. अपंगत्वाविषयी समज वाढवणारा विनोद वेगळा आणि अपंगांना खाली पाडणारा विनोद वेगळा, असा तो भेद आहे. आणि त्यांच्याविषयी काही रचायचे तर त्यांना सोबत घेऊन रचावे, असेही न्यायालयाने सुचवले. हा भेद मला पटतो. स्वतःच्या कुबडीवर स्वतः विनोद करणारी माणसे मी पाहिली आहेत आणि पोट धरून हसलोही आहे. त्या हसण्यानंतर ती माणसे खोलीत अधिक ऐसपैस बसतात. दुसऱ्या प्रकारच्या हसण्यानंतर ती उठून जातात.

राहिला प्रश्न दंडाचा. अधिनियमाच्या कलम ९२ नुसार अपंग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्याला किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षे कैद व दंड होऊ शकतो. २०२० साली केंद्र सरकारने हे कलम सौम्य करण्याचा प्रस्ताव आणला होता. संघटनांनी कडाडून विरोध केला आणि तो मागे घेण्यात आला. त्यांचा विरोध योग्यच होता. हाती असलेले एकमेव शस्त्र कुणी बोथट करू देत नाही. तरीही प्रश्न उरतोच की, कोणता विद्यार्थी आपल्या वर्गमित्राला सहा महिने तुरुंगात पाठवण्यासाठी तक्रार करील? कोणती कारकून बाई रोज शेजारी बसणाऱ्या माणसाविरुद्ध पोलीस ठाण्याची पायरी चढेल? शिक्षा जितकी मोठी, तितकी ती मागणाऱ्याची भीड मोठी. तीन पणांचा दंड मागायला भीड वाटत नाही.

आणि तो तीन पणांचा दंड वसूल करणे न्यायालयाच्या नव्हे, आपल्याच हाती आहे. चेष्टेला दोघे पुरत नाहीत. तिसरा हसणारा लागतो, आणि तो बहुधा आपणच असतो. शिक्षकाने तास थांबवून आवाज काढणाऱ्याला उभे करणे, लेखापालाने ‘त्यांचे नाव अमुक आहे’ एवढेच शांतपणे म्हणणे, मित्राने न हसणे. याला धैर्य फारसे लागत नाही. लागते ते चार क्षणांचे अवघडलेपण सोसण्याची तयारी. मी ते त्या दिवशी सोसले नाही, म्हणून ते एका मुलाला वर्षभर सोसावे लागले.

आमच्या महाविद्यालयात बोलण्यात अडथळा असणाऱ्या विद्यार्थ्यांना तोंडी परीक्षेऐवजी लेखी पर्याय द्यावा, असा प्रस्ताव मी गेल्या वर्षी परीक्षा समितीपुढे मांडला. चर्चा सुरू होताच एका सदस्याने अडखळत बोलण्याची नक्कल करून ‘म-म-मंजूर’ असे म्हटले आणि सभेत हसू पिकले. विषय पुढील सभेवर ढकलण्यात आला. इतिवृत्तात प्रस्ताव आहे, तहकुबी आहे. ते हसू नाही. पुढील महिन्याच्या सभेत इतिवृत्त कायम करण्यापूर्वी त्याची नोंद व्हावी, असे मी सचिवांना लेखी कळवले आहे.