पाचव्या तासाची पेंग

जेवणाच्या सुट्टीनंतरचा पाचवा तास मी 21 वर्षं घेतोय. विषय गणित, वर्ग नववीचा, पंखा करकरणारा. फळ्यावर वर्गसमीकरण मांडून वळलो की मागच्या बाकांवर दोन-तीन माना डुलत असतात. पूर्वी खडू फेकून मारायचो. मग एकदा वह्या तपासता तपासता मीच शिक्षक खोलीत पेंगलो, तेव्हापासून खडू फळ्यापुरताच.

सगळे डब्यातल्या भाताला दोष देतात. भात भर घालतो हे खरं. मी तो रात्रीवर ढकललाय, दुपारी दोन भाकऱ्या, मटकीची उसळ आणि काकडी. पण एक ते चारच्या सुमारास शरीराचं घड्याळच मंदावतं, उपाशी माणसाचंसुद्धा. त्यात आदल्या रात्री मोबाइलपायी जागरण झालं असेल तर बघायलाच नको. चहा अंगात उतरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, म्हणून तो मी तासाच्या आधीच घेतो आणि उन्हातून मैदानाला एक फेरी मारतो.

पुणेकर एक ते चार दुकानं बंद ठेवून झोपतात, ही थट्टा आता पुरे. मिठाईवाल्या चितळ्यांनीही 2017 मध्ये दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली! शिवाय वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवरची पंधरा-वीस मिनिटं. तासभर घोरलात तर उठल्यावर डोकं जडच.

मुख्याध्यापकांना एकच विनंती: यंदा वेळापत्रक लावताना गणित सकाळी घ्या, पाचव्या तासाला मुलांना खेळायला सोडा.