फाइल कसली, कुलूप कुणाचं?

3 जून 2020 ला निसर्ग वादळाने आमच्या श्रीवर्धनच्या घराची कौलं उडवली आणि माळ्यावरच्या पुस्तकांचा लगदा केला. तेव्हापासून मी ई-पुस्तकं घेतो. त्यामुळे कागदाच्या वासाचे गोडवे गाणाऱ्यांत मला धरू नका. माझी तक्रार विक्रेत्यांबद्दल आहे. सवलत ठळक अक्षरांत, पण फाइल कुठल्या प्रकारची आणि तिला कुलूप, म्हणजे ती ठरावीक ॲप किंवा उपकरणापुरतीच बांधून ठेवणारी तांत्रिक अडवणूक, आहे का, हे शोधत बसावं लागतं.

इथला व्यापारी रोठा सुपारी अडकित्त्याने फोडून पाहिल्याशिवाय भाव बोलत नाही. पुस्तकाचाही नमुना बहुधा फुकट मिळतो, तो आधी उघडावा. पीडीएफ असेल तर फोनवर अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर पळते. माझ्या वयाला हा जाच आहे. ईपब प्रकारच्या फाइलमध्ये सहसा ओळी आपोआप नव्याने जुळतात. मग एखादा शब्द शोधून पाहावा. मी घेतलेल्या एका पीडीएफमध्ये ‘पेशवे’ शोधलं तर काहीच सापडेना, आणि पहिल्याच पानावर शब्द ढळढळीत! मजकूर युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवलेला होता. कॉपी केला तर नुसता रोमन अक्षरांचा कचरा. अंध वाचकाचं सॉफ्टवेअर तोच कचरा वाचून दाखवणार.

कुलपाचं दुखणं याहून मोठं. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये ई-पुस्तकांचं दुकान गुंडाळलं. पैसे परत दिले, पण कुलपाची किल्ली दुकानाकडेच असल्याने घेतलेली पुस्तकं गेली. ॲमेझॉनने 26 फेब्रुवारी 2025 पासून किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून यूएसबीने घालायची सोय काढून टाकली. आणि आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली आलेल्या कलम 65अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

चोरीची प्रकाशकांची भीती खोटी नाही. व्हॉट्सॲपवर पुस्तकांच्या पीडीएफ फिरवण्यात चांगले शिकलेसवरलेलेच पुढे असतात. पण त्यातल्या कित्येक कागदी प्रत स्कॅन करून केलेल्या असतात. तिथे कुलूप काय करणार? ते अडवतं पैसे मोजणाऱ्याला, तेही त्याने फोन बदलला की.

किमतीशेजारी एक ओळ छापायला काय हरकत आहे? फाइलचा प्रकार, कुलूप आहे की नाही, किती उपकरणांवर उघडेल. एकदा वाचून सोडायची कादंबरी मी कुलपासकट घेतो, स्वस्त असेल तर. कोश किंवा संदर्भग्रंथ मात्र कुलूपबंद असला, तर टपालखर्च सोसून कागदी प्रतच मागवतो.