चिरशांतीचे नगर : शीआन

चीनमधील नगरांचा विषय निघाला म्हणजे बीजिंग व शांघाय ही दोनच नावे बहुधा आपल्या मुखी येतात. परंतु संस्कृत विद्येशी ज्याचा अत्यंत निकटचा संबंध आला, असे नगर म्हणजे वायव्येकडील शान्शी प्रांताची राजधानी शीआन हे होय. त्याचा परिचय वाचकांस करून देण्याचे आम्ही या खेपेस योजिले आहे.

उत्तरेस वेई नदी, दक्षिणेस छिनलिंग पर्वताची रांग आणि मध्ये सुपीक मैदान, असे याचे स्थान आहे. शत्रूस अवघड आणि धान्यास अनुकूल, म्हणून एकामागून एक राजवंशांनी येथे किंवा जवळपास राजधानी केली. चीनचा पहिला सम्राट इ. स. पू. २१० मध्ये निवर्तला. त्याच्या समाधीनजीक विहीर खणीत असता शेतकऱ्यांस १९७४ साली मातीचे पुरुषभर उंचीचे योद्धे सापडले. त्यांची संख्या सहस्रावधी असून चेहरेपट्टी नाना प्रकारची आहे.

पुढे हान वंशाने आपल्या राजधानीस ‘चांगआन’ म्हणजे चिरशांती असे नाव दिले. इ. स. ५८२ मध्ये सुई सम्राटाने शेजारीच नवे नगर आखिले व थांग वंशाच्या काळी (६१८–९०७) तेच चांगआन वैभवाच्या शिखरास पोहोचले. तटाचा घेर सुमारे ३६ किलोमीटर, रस्ते पटावरील रेघांप्रमाणे सरळ, शंभरांहून अधिक पेठा, आणि प्रत्येक पेठेस स्वतंत्र भिंत व वेस असून वेशी रात्री बंद होत. पश्चिमेच्या बाजारात इराणपर्यंतचे व्यापारी उतरत.

परंतु ९०४ साली एका सेनापतीने सम्राटास राजधानी हलविणे भाग पाडिले. वाडे मोडून त्यांची लाकडे वेई नदीत सोडून दिली गेली. चिरशांतीचे नगर असे पाण्यावर वाहून गेले! आज जो तट दिसतो तो १३७० नंतर मिंग वंशाने बांधिलेला, सुमारे १४ किलोमीटरचा आहे. शीआन हे नावही त्याच काळचे. २०२० च्या गणनेत येथील वस्ती सुमारे १ कोटी २९ लक्ष भरली.

मग त्या जुन्या नगराचे उरले काय? आमच्या मते, जे लिहिले गेले ते उरले. येथील ‘शिलालेखांच्या वनात’ ८३७ साली कोरलेले चिनी धर्मग्रंथ ११४ शिळांवर आजही वाचावयास मिळतात. आणि आपले ग्रंथही याच नगराने जतन केले. पित्याकडून भारतीय असलेला कुमारजीव येथे ४०१ साली आला व सद्धर्मपुंडरीकादि ग्रंथ त्याने चिनी भाषेत उतरविले. ६४५ साली ह्युएनत्संग भारतातून परतला तो ६५७ ग्रंथ वीस घोड्यांवर लादून. त्या ग्रंथांच्या रक्षणार्थ ६५२ साली विटांचा मनोरा उभारण्यात आला. पुढे वाढविलेला हा ‘रानहंसाचा मनोरा’ आज सात मजली उभा आहे. भाषांतराचे कामही एकट्याचे नसे : कोणी संस्कृत पाठ तपाशी, कोणी अर्थ पडताळी, कोणी भाषा मांजी, कोणी लिहून घेई. अशा रीतीने १९ वर्षांत ७५ ग्रंथ सिद्ध झाले.

हाच यात्रेकरू पुलकेशीच्या काळी महाराष्ट्रात आला होता. येथील लोक उपकार स्मरणारे आणि अपमान न विसरणारे आहेत, अशा आशयाचे त्याने लिहून ठेविले आहे. या स्तुतीचा आपणांस मोठा अभिमान वाटतो. परंतु त्याने नेलेल्या ग्रंथांपैकी कित्येकांचे मूळ आपल्या देशी नष्ट झाले, हे आपण सहसा आठवीत नाही. ‘महाविभाषा’ हा प्रचंड ग्रंथ संस्कृतात उपलब्ध नाही. तो समग्र पाहावयाचा तर ह्युएनत्संगाच्या चिनी भाषांतराकडेच गेले पाहिजे. पुण्याचे प्रा. पु. वि. बापट व प्रा. वा. वि. गोखले यांच्यासारख्या विद्वानांनी चिनी ग्रंथांचा अभ्यास केला, तो याच जातीच्या निकडीने.

परक्यांनी आपले ग्रंथ घोड्यावरून नेले, सभा भरवून भाषांतरिले आणि मनोरे बांधून राखिले. आपण मात्र घरोघरी माळ्यावर लाल रुमालात पोथ्या बांधून ठेविल्या आहेत. त्यांस वर्षानुवर्षे कोणाचा हात लागत नाही, आणि मोडी अक्षर घरात एकासही वाचता येत नाही. पोथी नष्ट होण्यास शत्रूच यावा लागतो असे नाही. कसर आणि अनास्था ही दोन पुरेशी आहेत. म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंती की, येत्या सुटीत घरातील वडील माणसांनी मुलांस जवळ बसवून तो रुमाल सोडावा, पाने मोजावी आणि ग्रंथाचे नाव तरी लिहून ठेवावे. उपकार स्मरणारे लोक ही आपली जुनी ख्याती खरी करण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाही.