जात सोबत नेलीत, मग कायदा का नको?

७ ऑक्टोबर २०२३ रोजी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी जातिभेदविरोधी विधेयक नामंजूर केलं आणि तिथल्या काही हिंदू संघटनांनी विजय साजरा केला. दोन्ही सभागृहांनी मोठ्या बहुमतानं संमत केलेलं विधेयक होतं ते. मागणी काय, तर नोकरी किंवा घर देताना जात बघून कुणाला डावलू नका. ही मागणी फेटाळली गेली म्हणून पेढे वाटावेसे वाटतात, याची मला किळस येते.

म्हणे, अमेरिकेत जात उरलीच नाही. धादांत खोटं! आपल्या वधूवर सूचक मंडळांच्या याद्या उघडा. मुलगा अमेरिकेत, पगार डॉलरमध्ये, पोटजात-गोत्र-नाडी सगळं नोंदवलेलं, आणि अपेक्षांच्या रकान्यात शेवटी : 'आंतरजातीय चालेल, एससी/एसटी क्षमस्व.' लेकाच्या लग्नाचं बोलणं निघालं की ज्यांना आधी जात आठवते, त्यांना हाताखालचा माणूस निवडताना ती आठवत नाही, यावर मी का विश्वास ठेवू?

म्हणे, कायद्यानं हिंदूंची बदनामी होते. विधेयकात कुठल्याच धर्माचं नाव नव्हतं. जात शिखांत आहे, मुसलमानांत आहे, ख्रिश्चनांत आहे. पाकिस्तानात गटारं उपसायला आजही मुख्यतः ख्रिश्चनांनाच उतरवतात. बदनामी भेदभावानं होते, तो थांबवणाऱ्या कायद्यानं नाही.

आणि हे काही आज कळलेलं नाही. ज्ञानकोशकार केतकर, स्वतः ब्राह्मण आणि अमेरिकेत शिकलेले, यांनी हिंदू परदेशी गेले की जात हा जगाचा प्रश्न होईल असं १९०९ मध्येच बजावलं होतं. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचताना बाबासाहेबांनी त्यांचाच दाखला दिला. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलनं जातिभेदावर बंदी घातली, तो ठराव मांडला पुण्यात जन्मलेल्या क्षमा सावंत यांनी. त्याही ब्राह्मण घरातल्या. म्हणजे हे सवर्णांविरुद्धचं कारस्थान आहे, ही ओरडही टिकत नाही.

अमेरिकेतल्या मराठी बंधुभगिनींनो, असं विधेयक पुन्हा येईल. तुमच्या मंडळाच्या नावानं विरोधाचं पत्र फिरायला लागलं, की त्यावर सही करू नका. आमच्या नावानं हे पत्र जाणार नाही, असं भर सभेत उभं राहून सांगा.