गुडघ्याखालची उशी काढा

ऑपरेशन झालेल्या गुडघ्याखाली उशी सारणारा हात मायेचाच असतो. पाय जरासा दुमडलेला राहिला की पेशंटला बरं वाटतं, कण्हणं थांबतं आणि आईच्या जिवाला थोडी उसंत मिळते. मावळात लिगामेंटचं ऑपरेशन झालेल्या पेशंटकडे व्यायाम शिकवायला गेले की बहुतेक घरांत मला ही उशी दिसते, आणि आत गेल्यागेल्या मी पहिलं काम करते ते ती काढायचं. दुखणाऱ्या माणसाचं सुख काढून घेताना वाईट वाटतं. पण ती उशी दोन-तीन आठवडे तिथेच राहिली, तर एवढा खर्च करून बसवलेलं लिगामेंट शाबूत असूनही पोरगा लंगडत राहू शकतो.

सुजलेला गुडघा आपण होऊन थोडा वाकतो. आत साठलेल्या रक्ताला आणि पाण्याला त्या स्थितीत सर्वांत जास्त जागा मिळते, म्हणून तिथे दुखणं कमी असतं. हीच त्यातली मेख आहे. कमी दुखतं म्हणून पाय तसाच ठेवला की मागचे स्नायू आखडतात, सांध्याच्या पुढच्या भागात व्रणाची गाठ धरू लागते, आणि मग गुडघा पूर्ण सरळ होत नाही. वाकवणं मागाहूनही कमावता येतं. सरळ होणं मात्र सुरुवातीच्या आठवड्यांत हातचं गेलं की ते परत मिळवायला फार झगडावं लागतं, कधी पुन्हा दुर्बीण घालून आतली गाठ काढावी लागते.

मावळाला हा विषय दूरचा नाही. लावणीच्या चिखलात पाय रुतलेला असतो, अंग वळतं आणि गुडघा मागेच राहतो. कबड्डीत चढाई करून परतणाऱ्याला मागून पकड बसते. जत्रेच्या आखाड्यात पट काढताना पाय अडकतो. लोहगड-विसापूरच्या ओल्या दगडांवर तर दर पावसाळ्यात कुणी ना कुणी घसरतं. गडावर अडकलेल्या पर्यटकाला लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’ची पोरं स्ट्रेचरवरून खाली आणतात, तो मुंबई-पुण्याला आपल्या घरी जातो, आणि फिजिओथेरपिस्ट त्याच्या सोसायटीच्या फाटकाशी असतो. आंदर मावळातला पोरगा ऑपरेशन करून परततो तेव्हा त्याच्याजवळ डिस्चार्ज कार्ड असतं आणि त्यावर बहुधा एकच ओळ: ‘फिजिओथेरपी करणे’.

ऑपरेशन दुर्बिणीचं असतं, बाहेरून दोन-तीन छोट्या भोकांवर पट्टी दिसते. त्यामुळे घरच्यांना वाटतं, किरकोळ काम झालं. आत मात्र मांडीच्या मागची किंवा वाटीखालची दोरी काढून घेतलेली असते, मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बोगदे पाडून ती ओवलेली असते, स्क्रूने नाहीतर बटणाने अडकवलेली असते. पहिल्या रात्री नसेला दिलेल्या भुलीचा अंमल असतो, म्हणून पेशंट हसत बोलतो. भूल उतरली की खरं दुखणं सुरू होतं, आणि नेमका त्याच सुमारास डिस्चार्ज मिळतो. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या वेळच्या वेळी घ्याव्यात, असह्य होईपर्यंत थांबू नये. दुखणं आटोक्यात असेल तरच व्यायाम होतो.

पवन मावळातल्या एका घरी अलीकडेच गेले होते. कबड्डी खेळणारा, विशीतला मुलगा, पलंगावर दोन उशांवर पाय. गुडघ्याचा पट्टा सैल करून मी खाली हात घातला, तर अख्खा पंजा आरपार गेला. उशा काढल्या, चादरीची वळकटी करून टाचेखाली दिली, गुडघा अधांतरी राहिला. त्याने दात आवळले. मग त्याला सांगितलं, मांडी आवळ. मांडी ढिम्म. पुन्हा सांगितलं, तरी काही नाही. असं झालं की पेशंट घाबरतो, त्याला वाटतं पाय गेला. तसं नसतं. सुजलेल्या सांध्याकडून मज्जारज्जूकडे जे संदेश जातात ते मांडीच्या स्नायूला रोखून धरतात; पेशंट त्यात आळस करत नसतो. मी त्याचा हात आधी चांगल्या मांडीवर ठेवायला लावला, तिथे आवळून बघ म्हटलं, मग तोच हात दुखऱ्या मांडीवर. बऱ्याच वेळाने वाटीच्या वर, आतल्या बाजूला, कातडीखाली एक बारीकसं थरथरणं आलं. ते आधी त्याच्या आईने पाहिलं. “हाललं बघा!” म्हणून ती ओरडलीच. वाटी किंचित वर सरकली होती. त्या दिवसाचा तेवढाच व्यायाम, पण दर तासाला.

पहिल्या दहा-बारा दिवसांत करायचं ते एवढंच आहे आणि ते पैशांत महाग नाही. टाच उंच ठेवून गुडघा सरळ सोडणं. मांडी आवळणं. जागेपणी दर तासाला घोटा खालीवर करणं, म्हणजे पोटरीतलं रक्त साकळत नाही. बर्फाने शेकणं, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं. बर्फ पिशवीत बंद करून वर पंचा गुंडाळावा, थेट कातडीला लावू नये, टाके भिजू देऊ नयेत. पावसात गावाकडे दोन-दोन दिवस वीज नसते, तेव्हा मासळीवाल्याकडचा बर्फसुद्धा चालतो.

मालिशीबद्दल मला निक्षून सांगायचं आहे. आपल्याकडे तालमीची परंपरा मोठी, वस्तादाच्या हाताला गुण असतो, त्या हाताचा मान मी राखते. पण ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांत पोटरीला कुणीही तेल लावून चोळू नये. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असेल तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि त्याने माणूस दगावू शकतो. मांडीवर, पोटरीवर, घोट्यापर्यंत काळंनिळं उतरलं तर बहुतेकदा घाबरण्याचं कारण नसतं, आतलं रक्त खाली झिरपलेलं असतं. पोटरी टणक, गरम, दाबली की कळ येणारी असेल, धाप लागली, छातीत दुखलं, ताप चढला किंवा टाक्यांतून पाणी येऊ लागलं, तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठायचं. हळदीचा लेपही टाक्यांवर नको.

घर हा मोठा प्रश्न आहे. गावात अजून पुष्कळ ठिकाणी बसायचा संडास, तोही अंगणापलीकडे. गुडघा तेवढा वाकत नाही आणि वाकवायचाही नसतो. ऑपरेशनची तारीख ठरली त्याच आठवड्यात कमोडची खुर्ची आणून ठेवावी, पाय सुजल्यावर शोधाशोध करू नये. पावसाळ्यात शहाबादी फरशीला ओल येते. कुबड्यांची रबरी टोपणं झिजलेली असतील तर बदलावीत, वाटेतली पायपुसणी उचलावीत. भार तळहातांवर घ्यावा, काखेवर नाही. जोत्याची पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. पायावर किती भार द्यायचा हे ज्याचं त्याचं वेगळं असतं. आत गादीलाही टाके घातले असतील, म्हणजे मेनिस्कस शिवला असेल, तर नियम कडक असतात, म्हणून शेजारच्या पोराचं बघून चालू नये.

गुडघा लवकर हलवावा, सरळ करावा हे जगाला पहिल्यापासून माहीत होतं असं नाही. १९८० च्या दशकापर्यंत अशा गुडघ्याला ऑपरेशननंतर कित्येक आठवडे जखडून ठेवण्याचा रिवाज होता. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचे सर्जन डोनाल्ड शेलबर्न यांच्या ध्यानात आलं की, सांगितलेली बंधनं न पाळता लवकर चालायला लागलेल्या पेशंटचे गुडघे सैल पडले नाहीत, उलट अधिक चांगले सरळ झाले. शेलबर्न आणि पॉल निट्झ यांनी १९९० साली त्यावर निबंध लिहिला, आणि पहिल्या दिवसापासून गुडघा सरळ करण्याची पद्धत जगभर रुजली. आपल्या घरांत मात्र ‘हलवू नको, पडून राहा’ हाच सल्ला आजही चालतो. दोष घरच्यांचा नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

शरीरावरचा परिणाम मोजून पाहण्याची रीत आपल्या भागाला नवी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं, ते योगाचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत तपासण्यासाठी. त्याच लोणावळ्याच्या आसपासच्या खेड्यांत ऑपरेशन झालेला गुडघा किती अंशांत सरळ होतो, हे आठवडेच्या आठवडे कुणी मोजत नाही. (वज्रासन आणि पद्मासनाचं विचारणारे पुष्कळ भेटतात. पहिल्या महिन्यांत दोन्ही वर्ज्य.)

म्हणून माझं मागणं आहे. वडगाव, कामशेत, लोणावळा इथल्या सरकारी दवाखान्यांत आठवड्यातले ठरावीक दिवस फिजिओथेरपिस्ट बसला पाहिजे, म्हणजे कुबड्या सांभाळत लोकल पकडून चिंचवडला जावं लागणार नाही. ऑपरेशन करणाऱ्या हॉस्पिटलने डिस्चार्जच्या आधी घरातल्या एका माणसाला पलंगाशी उभं करून वर सांगितलेले चार उपाय स्वतःच्या हाताने करून घ्यायला लावावेत, आणि ते मराठीत, चित्रांसह, कागदावर द्यावेत. आणि जी मंडळं जत्रेत, चषकात बक्षिसांवर एवढा पैसा लावतात, त्यांनी त्यातला थोडा बाजूला काढून जायबंदी खेळाडूच्या फिजिओथेरपीला द्यावा. तो खेळाडू त्यांच्याच मैदानावर पडलेला असतो. ऑपरेशनसाठी दागिने गहाण पडतात, वर्गणी निघते. पुढच्या महिन्यांसाठी हातात काही उरत नाही, आणि व्यायाम तिथेच सुटतो.

‘सहा महिन्यांत मैदानात’ हे वाक्य मी पोरांच्या तोंडून सतत ऐकते. बसवलेली दोरी सुरुवातीचे आठवडे कमजोर होत जाते, तिला नवा रक्तपुरवठा मिळून ती जिवंत व्हायला बराच काळ लागतो. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ती सर्वांत नाजूक असते, आणि नेमकी तेव्हाच सूज ओसरलेली, पेशंट पळायला उत्सुक. असं ऑपरेशन झालेल्या खेळाडूंचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. खेळात परतणं नऊ महिन्यांपर्यंत पुढे ढकलल्यास दर महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटतं, असं त्यात दिसलं. क्रिकेटपटू ऋषभ पंतला ३० डिसेंबर २०२२ ला अपघात झाला, जानेवारीत मुंबईत गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली, आणि तो आयपीएलमध्ये उतरला तो मार्च २०२४ मध्ये. त्याच्या दुखापती अधिक होत्या हे खरं, पण त्याच्या दिमतीला तज्ज्ञांची फौजही होती.

टाके साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी निघतात. त्या दिवशी ओपीडीत गर्दी असते, पाच मिनिटांत नंबर संपतो. तरी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराच. गादीला टाके घातलेत का? पायावर किती भार द्यायचा? पट्टा कधी काढायचा? आणि डॉक्टरांनी गुडघ्याखाली हात घालून तो पूर्ण सरळ होतोय की नाही हे पाहिल्याशिवाय टेबलावरून उतरू नका.