पुरुषाला बूट, बाईला चप्पल

पावसाळा जवळ आला की शहरातल्या गिर्यारोहण साहित्याच्या दुकानांत 'गेटर' नावाची एक वस्तू दर्शनी भागात येते. बुटाच्या तोंडापासून गुडघ्याखालपर्यंत नडगी आणि पोटरी झाकणारं जाड कापडाचं वेष्टण. एक पट्टा बुटाच्या तळव्याखालून जातो, पुढचा हूक नाडीत अडकतो, वर आवळायची दोरी असते. कुसळं, काटे, चिखल, बुटात शिरणारे खडे आणि जळवा यांपासून ते बचाव करतं. कल्पना जुनीच आहे. पूर्वीचे शिपाई पायाला लांबच लांब पट्टी गुंडाळत. इंग्रजीतला 'पुटी' हा शब्द आपल्याकडच्या 'पट्टी'वरूनच गेलेला आहे.

मैत्रिणींनो, आपल्या अंकात ही दुकानाची गोष्ट कशाला, असं तुम्हाला वाटेल. गेटर घालून सुट्टीच्या दिवशी रानात जाणाऱ्या मुली आता पुष्कळ आहेत, आणि मला त्याचा आनंदच आहे. प्रश्न आहे तो रोज रानात जाणाऱ्या बाईचा. तिच्या पायात काय असतं?

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं मेली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानं मांडला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक मृत्यू खेड्यांतले, आणि पावसाळ्यात जास्त. दंश बहुधा पायालाच होतो. निंदणी, गवतकापणी, सरपण, पानं तोडणं ही वाकून, झुडपात पाय घालून करायची कामं कोण करतं, ते वेगळं सांगायला नको.

साप सोडा, गोचिडीचं पाहा. माकडताप पूर्वी कर्नाटकातला आजार समजला जाई. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात तो प्रथम ओळखला गेला. पुढे तो गोव्यात सत्तरीत पोचला आणि २०१६ साली सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे नेमक्या काजूच्या हंगामात, बारीक गोचिडी पाचोळ्यातून माणसाच्या पायावर चढतात. काजूच्या बिया पाचोळ्यातूनच वेचायच्या असतात, आणि वेचणाऱ्यांत बायका असतात. इथे पाय घट्ट झाकणं हा अगदी साधा उपाय आहे. वाघाचे फोटो काढायला जाणाऱ्याला तो ठाऊक असतो.

सरकारला हे सुचत नाही असं नाही. २०१८ साली मध्य प्रदेश सरकारनं तेंदूपत्ता गोळा करणाऱ्यांना पादत्राणं वाटली. पुरुषाला बूट, बाईला चप्पल आणि वर एक साडी! कुणी मुद्दाम वाईट हेतूनं हे ठरवलं असेल असं मला वाटत नाही. बाईच्या पायात चप्पलच असायची, ही गोष्ट ठरवणाऱ्याच्या मनात इतकी पक्की बसलेली असते की तिच्यावर चर्चासुद्धा होत नाही. काटा आणि दात दोघांचे पाय सारखेच फोडतात. शिवाय चप्पल असेल तर गेटरही निरुपयोगी, कारण ते बुटावरच बसतं. बूट नाकारला की वरचं सगळं संरक्षण आपोआप नाकारलं जातं.

'बायका घालणारच नाहीत' असं उत्तर ठरलेलं असतं. त्यात थोडं तथ्य आहे, ते आपण मान्य करावं. लावणीच्या चिखलात गमबूट रुतून बसतो, पाऊल उचलत नाही; तिथे कुणी बूट घाला म्हणालं तर बाया हसतील, आणि बरोबरच हसतील. पण बांधावर, गवतात, तेंदूच्या झुडपात ती अडचण नाही. लुगड्याचा काष्टा तर चालायला मोकळा असतो, नडगी मात्र उघडी राहते. म्हणजे गेटर बांधायला तोच पोशाख सोयीचा! गोल साडीची अडचण जास्त, पण ती कमरेला खोचूनच बाया काम करतात. घाम, उकाडा, कापडाचा जाडपणा, हे सगळं त्यांनी स्वतः वापरून सांगायला हवं. बाजारातली मापं पुरुषांच्या बुटांवरून निघतात, ती तशीच उचलून वाटली तर गेटर घरात खुंटीला लटकेल.

या वस्तूचं उगाच कौतुकही नको. साधं कापडी गेटर घोणशीचे दात अडवेलच असं नाही. सापासाठीची गेटर वेगळी, अनेक थरांची, जड आणि महाग असतात. मण्यार बहुधा रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिथे मच्छरदाणीच कामाची. दंश झालाच तर दोरी करकचून बांधायची नाही, पाय हलवायचा नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही, थेट प्रतिसर्पविष असलेला दवाखाना गाठायचा. हे प्रत्येक शिबिरात सांगायला हवं. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्मे करण्याचा राष्ट्रीय आराखडा २०२४ साली जाहीर झाला आहे. आपल्या तालुक्यात त्यातलं काय पोचलं, हे गटांनी जाऊन विचारावं.

मृत्यूनंतरचीही एक गोष्ट आहे. महाराष्ट्रात शेतकरी अपघात अनुदान योजनेत सर्पदंशानं मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. पण ती योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका व्यक्तीसाठी आहे. सातबारा नसलेल्या घरातली मजूर बाई त्यात कुठेच बसत नाही. तिला ना बूट, ना भरपाई.

गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा आता तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. लिलावाच्या अटींत दर असतो, बोनस असतो. प्रत्येक तोडणाऱ्या बाईला, तिच्या मापाचे बूट आणि पोटरी झाकणारं जाड कापडाचं आवरण, ही एक अट आणखी घालता येईल. आवरण शिवायला गावातला बचत गटही पुरेसा आहे, खर्च ठेकेदारानं द्यावा. हंगाम उन्हाळ्यात असतो आणि लिलाव त्याच्या आधी. तेव्हा ही मागणी हिवाळ्यातल्या ग्रामसभेतच मांडावी लागेल, आणि ती मांडायला बायांनी त्या सभेत हजर असावं लागेल.